वाहनमुक्त गुरुवार

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात पर्यावरण समितीचं काम कुणालाच नको असायचं. भूगोलाचे सर ते सांभाळायचे. ते निवृत्त झाले तेव्हा प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. सगळे टेबलाकडे बघत होते आणि नेमकं मीच वर पाहिलं. मी अर्थशास्त्र शिकवते. झाडांची नावं मला धड सांगता येत नाहीत. तरी समिती माझ्या गळ्यात पडली, आणि पहिल्या काही महिन्यांत मला त्या कामाची गोडी लागली हेही खरं. मुलं उत्साही होती. वर्गात मागच्या बाकावर झोपणारी पोरं खताच्या खड्ड्यापाशी बाह्या वर करून उभी राहायची.

सायकलींची कल्पना एका मुलीची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. वसतिगृहाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या सायकली पडून होत्या, शिकून गेलेली मुलं मागे टाकून गेलेल्या. ही मुलगी ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करायची. एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, मला पुस्तकांच्या ऐवजी सायकली द्या. नीट करून दाखवते.”

मी प्राचार्यांची परवानगी काढली. तिनं तीन-चार मुलं गोळा केली, आणि दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत शेडसमोर चालत्या सायकलींची एक रांग उभी राहिली. मग ठरलं की दर गुरुवारी आवारात गाड्या आणायच्या नाहीत. गेटपाशी गाडी लावायची आणि तिथून सायकल घ्यायची.

ही योजना सांगायला मी सभागृहात उभी राहिले. भाषण रंगलं. बोलता बोलता मी म्हणाले, “आम्ही माळशिरसला असताना रोज सायकलनं शाळेत जायचो. ऊन नाही, पाऊस नाही.” मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्या ‘आम्ही’मध्ये माझे दोन भाऊ होते. सायकल त्यांची होती. मी मागे कॅरिअरवर दप्तर मांडीवर घेऊन बसायचे. मुलींनी सायकल चालवलेली आमच्या घरात चालायची नाही, आणि पुढे मी थेट स्कूटी शिकले, त्यामुळे मधली पायरी राहूनच गेली. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण टाळ्या पडल्यावर मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी फेरीचा बेत आणला. उद्घाटनाला गेटपासून ग्रंथालयापर्यंत सायकल फेरी, आणि सगळ्यांत पुढे मॅडम. मी हसून मान हलवली. मनात म्हटलं, बघू, तोवर काहीतरी निघेल.

काही निघालं नाही. त्या मुलीच्या मात्र लक्षात आलं. सायकलींची पाहणी करताना तिनं एक सायकल माझ्या हातात दिली, आणि मी ती ढकलत चार पावलं नेली तर पेडल माझ्याच नडगीवर आपटलं. आजूबाजूची मुलं पांगल्यावर ती हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्हाला सायकल येत नाही ना?”

“लहानपणी यायची गं. सवय मोडली.”

तिनं सायकल माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, “सकाळी लवकर येता का? बॅडमिंटन कोर्टवर कुणी नसतं.”

मी गेले. वयाच्या पन्नाशीला आलेली बाई, साडी सोडून पंजाबी ड्रेस घातलेला, आणि मागे सीट धरून धावणारी माझीच विद्यार्थिनी. ती खूप चांगली शिकवायची. “खाली बघू नका मॅडम, त्या निलगिरीकडे बघा,” म्हणायची. मी पडायला लागले की सायकल सोडून आधी मला धरायची. अशाच एका सकाळी तिनं मला सांगितलं की माळरानावरच्या पक्षीगणनेच्या शिबिरासाठी तिची निवड झालीय. आमच्या कॉलेजातून एकच जागा होती. वन खात्याची माणसं, बाहेरचे अभ्यासक, आठवडाभर तंबूत राहायचं. “तिथं चांगलं काम केलं तर पुढं प्रकल्पावर घेतात,” ती म्हणाली. इतका आनंद झाला होता तिला की सायकल धरायची विसरली आणि मी पाच-सहा फूट एकटीच गेले. दोघीही हसलो.

मला सरळ जाता यायला लागलं. वळता येत नव्हतं, आणि घाबरले की ब्रेकऐवजी पाय खाली सोडायचे. फेरीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, “मॅडम, आपण असं सांगू या, की तुम्ही झेंडा दाखवणार. झेंडा दाखवणारा माणूस सायकलवर नसतो. कुणाला काही वाटणार नाही.”

तिनं मला वाट काढून दिली होती. मी म्हणाले, “जमेल गं.”

गेटपासून ग्रंथालयाकडे जाणारा रस्ता आमच्याकडे उताराचा आहे. गाडीतून जाताना तो कधी जाणवला नव्हता. फेरी सुरू झाली, प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी मोबाइल वर धरले. ती माझ्या उजव्या बाजूला, तिच्या सायकलवर, अगदी चिकटून चालली होती. “सावकाश मॅडम. ब्रेक धरा. थोडा थोडा.” तिचा आवाज मला ऐकू येत होता, पण हाताला काही कळत नव्हतं. सायकलनं वेग घेतला. समोर वळण आलं. मी पाय खाली सोडले, हँडल फिरलं, आणि मी तिच्या अंगावर गेले. ती रस्त्याच्या कडेच्या दगडांवर पडली, तिच्यावर तिची सायकल, आणि त्यावर मी.

लोक धावत आले ते माझ्याकडे. दोन प्राध्यापिकांनी मला धरून उठवलं. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. “मॅडम, लागलं का?” “मॅडम, बसा.” मी पहिलं काय केलं, तर वर गेलेला कुर्ता गुडघ्यावर ओढला. मग आजूबाजूला किती मोबाइल आहेत ते पाहिलं. आणि त्यानंतर ती मला दिसली. खाली रस्त्यावरच बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून, ओठ घट्ट मिटून. तिच्यापाशी कुणीही नव्हतं.

रिक्षातून दवाखान्यात नेताना ती एवढंच म्हणाली, “मॅडम, शिबिर पुढच्या आठवड्यात आहे.” एक्स-रे निघाला, कोपरापर्यंत प्लास्टर झालं. त्यानंतर तिनं शिबिराचा विषय काढला नाही.

मी शिबिराच्या प्रमुखांना फोन केला. माणूस भला होता. म्हणाला, “मॅडम, काटेरी माळ आहे, पहाटे चालायचं, सारखं लिहायचं. उजवा हात नसेल तर तिलाच त्रास होईल. पुढच्या वर्षी नक्की पाठवा.” तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला मिळाली. पुढच्या वर्षी ते शिबिर झालंच नाही.

ती प्लास्टर घेऊन घरी गेली होती. रविवारी मी कुर्डुवाडीची गाडी पकडली. स्टेशनपासून जवळच त्यांचं घर. आईनं दार उघडलं, मला ओळखलं नाही, पण मुलगी आतून “आमच्या मॅडम” म्हणाली तशी त्या माउलीची धांदल उडाली. वडील बनियनवर होते, ते आत जाऊन शर्ट घालून आले.

“तुमी कशाला तरास घेतला मॅडम,” आई म्हणाली. “पोरगी धांदरट हाय आमची. सायकल चालवताना ध्यान कुटं असतंय कुणास ठाव. पडली आपली आपण.”

वडील हसले. “ल्हानपणापास्नं सायकलवर, आन् पडायचं वय आता झालं हिचं.”

मी मुलीकडे पाहिलं. तिनं नजर खाली वळवली आणि किंचित मान हलवली, राहू द्या, अशा अर्थानं. तिनं घरी खरं काही सांगितलंच नव्हतं. मी आले होते माफी मागायला, आणि इथं तीच सगळा दोष आधीच स्वतःवर घेऊन बसली होती. चहा आला. आईनं मला पुन्हा पुन्हा पोहे घ्यायला लावले, एवढ्या लांबून आलात म्हणून.

शेवटी मी बशी खाली ठेवली. “ती आपली आपण पडली नाही. मी पडले तिच्या अंगावर. मला सायकल येत नव्हती आणि तरी मी पुढे निघाले. हिनं मला आदल्या दिवशी सांगितलंही होतं, नको म्हणून.”

वडिलांनी मुलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आई पदरानं हात पुसत उभी होती. तिचा आवाज चढला नाही.

“मग सांगायचं की आधीच, येत न्हाय म्हणून,” ती म्हणाली. “येवढं काय त्यात. मला बी न्हाय येत.”

“आई,” मुलगी म्हणाली.

“न्हाय, मी काय वाईट बोलले न्हाय. मास्तरीण बाई हायती, पोरांना रोज सांगत्यात. आपलं बी सांगायचं.” मग तिनं माझी बशी उचलली आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. वडील मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत ते फक्त गाड्यांच्या वेळांबद्दल बोलले. फलाटावर निघताना म्हणाले, “हाड जुळतंय, मॅडम. तरणं हाड हाय.” त्यांना मला बरं वाटावं असं वाटत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

गुरुवार आमच्याकडे अजून पाळला जातो, म्हणजे मुलं पाळतात. ती परत आली तेव्हा माझ्याशी पहिल्यासारखीच वागली. डाव्या हातानं नटबोल्टचे पाने फिरवत पोरांना कामं सांगायची. मीच तिला टाळायला लागले. शेडकडून जायचं असलं की दुसऱ्या वाटेनं जायचे. समितीचं काम मी वर्षअखेर सोडलं, तब्येतीचं कारण देऊन.

पदवीनंतर दोन-एक वर्षांनी तिचा फोन आला. पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत अर्ज करायचा होता, शिफारसपत्र हवं होतं. काय काय लिहू, असं मी विचारलं.

“सायकलींचं लिहा, खताचं लिहा,” ती म्हणाली. “फील्डवर्कचं काही लिहू नका मॅडम. केलेलं नाहीये ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे केलं नाही ते लिहायचं नाही, एवढंच. मी पत्र लिहिलं आणि त्यात फील्डवर्क का झालं नाही तेही लिहिलं, माझ्या चुकीसकट. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “याची काय गरज होती?” पण काढा असं म्हणाली नाही.

नोकरी तिला मिळाली. आता ती अक्कलकोटच्या बाजूला असते, गावोगावच्या विहिरींचं पाणी मोजते. मध्यंतरी फोनवर सांगत होती की म्हाताऱ्या बायका कन्नडमध्येच बोलतात, सुरुवातीला काही कळायचं नाही, आता विहीर कुणी खोदली, कधी आटली एवढं विचारता येतं. “हात कसा आहे?” मी विचारलं. “थंडीत जरा दुखतो,” ती म्हणाली, आणि पुन्हा विहिरींवर आली. एकदा मुलांना घेऊन या मॅडम, दाखवते सगळं, म्हणाली.

येते म्हणाले. सोलापुरातून अक्कलकोटला दिवसभर एसट्या असतात, अर्ध्या दिवसाचंही काम नाही. दोन हिवाळे गेले. अजून मी गेलेले नाही.