एलेनीचे चार पिरियड

एलेनी त्या दिवशी माझ्या खोलीत आई म्हणून आली होती. एरवी ती आमच्याच शाळेत फिजिक्स शिकवायची. मी सौदीतल्या दम्मामच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये काउन्सेलर आहे. म्हणजे मुलांचं, पालकांचं आणि वेळ पडली तर शिक्षकांचंही ऐकून घ्यायचं काम. एलेनीची सहावीतली मुलगी सोफिया रोज पोट दुखतं म्हणून नर्सकडे जात होती. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं.

घरी कसं चाललंय, मी विचारलं. नवरा अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर इंजिनिअर. तिथे शटडाउन चालू, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती. तो बारा-बारा तास ड्युटीवर. घर, मुलगी, तिकडे ग्रीसमध्ये आजारी वडील, सगळं हिच्यावर. त्यात दोन शिक्षिका नोकरी सोडून गेलेल्या, त्यांचेही वर्ग हिच्याकडे. आठवड्याला अठ्ठावीस पिरियड.

"सोफिया गाडीत नुसती माझा चेहरा बघत बसते," ती म्हणाली.

मी माझं नेहमीचं केलं. श्वासाचा व्यायाम दाखवला, ताण हाताळायच्या उपायांचा छापील कागद दिला. तिने तो नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"हे करीन मी. पण प्रिन्सिपलना माझे चार पिरियड कमी करायला सांग. तुझं ते ऐकतील."

बघते, म्हणाले. आणि सांगितलं नाही. आमचे प्रिन्सिपल कोचीचे. माणूस वाईट नव्हे, पण टाइमटेबलचा विषय काढला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. ते गेलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही जातो. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, कोपिंग स्ट्रॅटेजी दिल्या आहेत, प्रतिसाद चांगला.

सहा आठवड्यांनी नववीचा वर्ग मध्येच सोडून एलेनी लॅबमध्ये जाऊन बसली. मी धावत गेले. ती स्टुलावर होती, हात मांडीवर. रडत नव्हती. मला उठता येत नाहीये, एवढंच म्हणाली.

दुपारी मी प्रिन्सिपलसरांकडे गेले. त्यांनी फाइल उघडून माझाच रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, यात तर सगळं ठीक आहे. मला कळणार कसं?"

"तिने पिरियड कमी करून मागितले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ते म्हणाले, चार पिरियड मी दुसऱ्या कुणालाही दिले असते. खरंच दिले असते का, देव जाणे. विचारलं असतं तर कळलं असतं.

टर्म संपायच्या आत एलेनी सोफियाला घेऊन कायमची ग्रीसला गेली. नवरा अजून इथेच आहे, एकटा. जाताना ती मला भेटायला आली. रागावलेली नव्हती. तुझ्यावरही प्रेशर असेल, म्हणाली. ते ऐकणं जास्त जड गेलं.

तिचे सगळे पिरियड तीन शिक्षकांत वाटले गेले. एका दिवसात. आता कुणी शिक्षक ताणाची तक्रार घेऊन आला, की मी आधी त्याचं टाइमटेबल मागते. व्यायाम नंतर.