दोष किल्लीचा की बोटांचा

दिवाळीच्या सुमारास माझ्या सासऱ्यांच्या रिमोटच्या किल्लीने संप पुकारला. बटण दाबलं तरी बहुतेक वेळा गाडी उघडायची नाही. मग ते किल्ली दारात घालून फिरवायचे, अलार्म कोकलायचा आणि अख्खी सोसायटी गॅलरीत यायची.

"बाबा, तुमच्या बोटांत आता जोर राहिला नाही," माझा नवरा म्हणाला. "यापुढे सिन्नरला आत्याकडे मीच सोडत जाईन तुम्हाला."

बाबा ऐंशीच्या घरातले. दर गुरुवारी स्वतः गाडी चालवत बहिणीकडे जायचं, एवढीच त्यांची चैन. त्या दिवशी जेवताना त्यांनी पानातला कांदा बुक्की मारून फोडला.

निकाल देण्याआधी तपासणी करावी, असं माझं मत. आधी नवा सेल घातला, फरक नाही. नवऱ्याच्या किल्लीने गाडी झटकन उघडत होती, म्हणजे गाडी ठणठणीत. उरली बाबांची किल्ली आणि बाबांची बोटं. रविवारी मी गुपचूप किल्ल्यांची अदलाबदल केली आणि नवऱ्याला घेऊन भाजीबाजारात गेले.

जाताना किल्ली शहाण्यासारखी वागली. परतताना मात्र तो गाडीसमोर उभा राहून बटण दाबतोय. आधी एका अंगठ्याने, मग दोन्ही अंगठ्यांनी, मग हात उंच करून.

"अरे, जोर लाव की," मी म्हटलं. "इतक्यात बाबांच्या वयाला पोचलास?"

शेवटी त्याने किल्ली दारात घातली. अलार्म वाजला. समोरच्या मेथीवाल्या मावशींनी मान वर केली. "दादा, गाडी तुमचीच हाय ना?"

घरी येऊन मी दोघांसमोर किल्ली खोलली. बटणाच्या रबराखाली लालपिवळी खपली. दसऱ्याला बाबांनी गाडीबरोबर किल्लीचीही पूजा केली होती, चांगलं ओलं हळदकुंकू लावून.

"म्हणजे चूक बाबांचीच!" नवऱ्याला आनंद झाला.

"असेल. पण बोटांची नाही," बाबा म्हणाले. "आपला विषय बोटांचा होता."

मी कापसावर स्पिरिट घेऊन खपली पुसली, सगळं वाळू दिलं. पहिल्याच दाबाला गाडीचे दिवे लुकलुकले. बाबांनी उगाचच आणखी चारदा उघडबंद करून पाहिली.

गुरुवारी ते निघाले तेव्हा नवरा काळजीने खाली उतरला. "मी येऊ का सोबत?"

"ये ना," बाबा स्टिअरिंगवर हात ठेवत म्हणाले, "पण मागे बस. पुढच्या सीटवर तुझ्या आत्याचे पेरू आहेत."