फोनवर हलवलेली मान

मेढ्याची अंगणवाडीताई प्रियदर्शनी खरात टपालाने बी.ए. करत होती. पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी हवीच. सत्त्याण्णव साली, शेवटच्या वर्षाला, तिचे स्वाध्याय शून्य गुण घेऊन परत आले. तिच्याच वर्गातल्या कडेगावच्या नानासोची उत्तरं आणि हिची उत्तरं अक्षर न् अक्षर सारखी, म्हणून दोघांनाही परीक्षेला बंदी. हिचा गुन्हा एवढाच, की अभ्यास-शिबिरात तिने नानासोला वही वाचायला दिली. चोराबरोबर संन्याशालाही फाशी, असला हा न्याय!

महिन्यातून एका रविवारी साताऱ्याच्या केंद्रात टीव्हीवर वर्ग भरायचा. पुण्याहून सर पडद्यावर दिसायचे आणि इकडून फोन लावून त्यांना शंका विचारायच्या. सरांना फक्त आवाज पोचायचा. अर्ज करकरून थकलेल्या प्रियदर्शनीने त्या रविवारी चाळीस जणांदेखत फोन उचलला. आठव्या खेपेला तो लागला. तिने कसंबसं नाव आणि तक्रार सांगितली.

"उत्तरं तुम्ही स्वतः लिहिलीत?" सरांनी विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली. थोरामोठ्यांनी जाब विचारला की मानेनेच सांगायचं, तोंड उघडलं की पोर आगाऊ ठरते, हे वळण लहानपणापासून अंगात मुरलेलं. सरांनी पुन्हा विचारलं. तिने आणखी जोरात मान हलवली.

"मग गप्प राहणं ही कबुलीच समजतो," सर म्हणाले आणि पुढचा फोन घ्यायला वळले.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पोरांची खिचडी शिजता शिजता केलेला तीन वर्षांचा अभ्यास डोळ्यांदेखत मातीत चालला होता. ती एकदम बोलली.

"आवं सर, मी मान हलवत हुते. तुमाला दिसत न्हाई, ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाई."

सर थांबले. दोन्ही उत्तरांत एकाच कुपोषित मुलीचं उदाहरण आहे, ती मुलगी नक्की कुणाची, असं त्यांनी जरा कडक आवाजातच विचारलं.

"आमच्या अंगणवाडीतली, बनू. साडेसहा किलो भरली, मीच तोलली. नानासोनं तेवढं उतरवलं. पर पुढचं त्याला म्हाईत नसंल. गेल्या बेस्तरवारी ती गेली, सर."

पडद्यावर सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाले, परीक्षेला बसा, मी कळवतो.

प्रियदर्शनीला आनंद झाला, आणि तो झाल्याची तिला लाज वाटली.