ओळखीचा शब्द

मैंदर्गीला माझं शिक्षण दहावीपर्यंत कानडीतून झालं. घरातही कानडीच. अकरावीला सोलापुरात आलो तेव्हा मराठी अक्षरं वाचता यायची, पण एका पानात पंधरा-वीस शब्द अडायचे. म्हणून मी एक वही केली. तिच्यात तीन रकाने: अडलेला शब्द, मागचं-पुढचं वाक्य बघून मी लावलेला अर्थ, आणि शनिवारी ग्रंथालयात कोशात सापडलेला अर्थ. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शंभरातले ब्याऐंशी बरोबर येऊ लागले होते. हा आकडा मी भेटेल त्याला सांगत असे.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मोडनिंबचं स्थळ आलं. आमच्याच समाजातली दुकानदार माणसं, पण त्यांच्या घरातली कानडी आजोबांबरोबर संपलेली. ते मुलगी पाहून गेले. त्याच आठवड्यात डी.एड.च्या यादीत अक्काचं नाव लागलं. सोमवारी सोलापुरात कागद घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. मोडनिंबकरांनी आधीच सांगून टाकलं होतं की नोकरी करणारी सून नको.

शनिवारी संध्याकाळी गावी पोचलो तर अप्पा मोडनिंबहून आलेलं पत्र घेऊन माझी वाट बघत बसले होते. त्यांना मराठी वाचता येत नसे. मी मोठ्यानं वाचलं: ‘आपली कन्या पाहून आल्यापासून आमच्या घरात संभ्रम आहे. आपणांस थांबवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.’

कानडीत संभ्रम म्हणजे आनंद, उत्साह. लग्नघरात असतो तो. आईनं, अव्वानं, लगेच देवापुढं साखर ठेवली. पुढचं वाक्यही जुळत होतं. थांबवायचं नाही, म्हणजे त्यांनाच घाई आहे.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तम्मा, मराठीतही तोच अर्थ असतो का?”

“मागचं-पुढचं लागतंय की बरोबर.”

“दुसऱ्या कुणाला तरी दाखव. सोमवारी मला जाऊन येऊ दे, मग बघा तारखेचं.”

“लग्न ठरलेल्या पोरीला कॉलेज कशाला? त्यांच्या कानावर गेलं म्हणजे?” अप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “तुझी खात्री आहे ना रे?”

“शंभरातले ब्याऐंशी बरोबर येतात माझे.”

“आणि राहिलेले अठरा?” अक्का म्हणाली.

“बघा, आत्ताच मास्तरीण झाली!” अप्पा हसले. मीही हसलो.

सोमवारी ती घरी राहिली. अप्पा आणि मी पेढ्यांचा पुडा घेऊन मोडनिंबला गेलो. मुलाच्या वडिलांनी चहा दिला. अप्पांनी तारखांचं काढलं तेव्हा ते आपल्या भावाकडे बघू लागले.

“पाव्हणं, पत्र मीच लिवलंय,” तो भाऊ म्हणाला. “संभ्रम म्हंजे आमचं काय ठरंना झालंय. तुमी दुसरीकडं बगा, असं कळवलं की. आन् तुमी पेढं घिऊन आलाव व्हय!”

आतल्या खोलीत बायका हसल्या. पेढे परत न्यायचे की तिथंच ठेवायचे, हे अप्पांना कळेना. शेवटी ठेवले.

परतताना सोलापुरात उतरलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. डी.एड.ची कचेरी पाचला बंद झालेली. अक्कलकोट आलं. तेव्हा अप्पा म्हणाले, “त्यांनी पत्र नीट लिहिलं नव्हतं. घरी एवढंच सांगायचं.” मी हो म्हणालो. अप्पा वारेपर्यंत घरात तेच चाललं, आणि मी एकदाही खोडलं नाही.

तो शब्द वहीत कधी चढलाच नव्हता. वही अनोळखी शब्दांची होती, आणि संभ्रम मला येत होता. ब्याऐंशी हा आकडा न येणाऱ्या शब्दांचा. येतात असं वाटणाऱ्या शब्दांत आपण किती चुकतो, हे मी मोजलंच नव्हतं. तरी अप्पांना दिलेल्या उत्तरात आकडा तोच वापरला. परीक्षेत असं केलं असतं तर शून्य मिळालं असतं. इथं मला काहीच झालं नाही.

पुढच्या वर्षी यादी तिच्या गुणांच्या वरच बंद झाली. तिचं लग्न सोलापुरातच झालं. भावजी चांगले आहेत असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. अकरा वर्षं झाली, ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते.

तिचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. लाइटबिल जास्त आलं, पोराची टक्केवारी काढायची झाली की ती माझ्याकडे येते, चहा घेते, मी सांगितलेला आकडा मुकाट्यानं मानते. पण शाळेची नोटीस किंवा कारखान्याचा मराठी कागद आला, आणि त्यात एखादा शब्द अडला, की ती माझ्या दारावरून पुढे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. परवा मी दारातच उभा होतो. म्हटलं, “इकडे आण की, मी बघतो.”

तिनं कागद पदराखाली घेतला. “राहू दे तम्मा. यात आकडे नाहीत.”