पुढच्या दाराची पायरी

"हार दे इकडे. तू मागच्या गाडीने ये."

ड्रायव्हरचा हात खिडकीतून बाहेर आला. बोटांना कुंकू लागलेलं होतं. मी झेंडूचा हार त्या हातात दिला. आईने ओवलेला, मध्ये आंब्याची पानं घातलेला, चांगला लांबलचक हार. त्याने तो आत ओढून घेतला आणि समोरच्या काचेला टांगला. मला वाटलं, आता दार उघडेल. पुढचं दार. त्याचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी असतं, दाबलं की दार उघडतं. त्याने दाबलं नाही. माझ्या पायाकडे बघितलं.

माझ्या डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आहे. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. लहानपणीचा पोलिओ.

"आज खंडेनवमी आहे. पायरीची पण पूजा केलीय. तिच्यावर पहिला पाय असला नको. वर्षाचा अपशकून होतो."

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "बरं, दादा."

बस गेली. माझा हार घेऊन गेली. थांब्यावरची सगळी माणसं मागच्या दाराने चढून गेली होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही. जाताना काचेतून बघत मात्र होते सगळे.

पुढच्या दाराने कोणी चढायचं ते बसवर रंगवलेलं असतं. म्हातारी माणसं, गरोदर बाया, अपंग. मागच्या दाराला गर्दी असते, रेटारेटी असते. मी तिथे एकदा पडले आहे, तोंडावर. तेव्हापासून मागे जात नाही. पण पुढचं दार म्हणजे ड्रायव्हरच्या घरचं दार. तो उघडेल तर उघडेल. आमच्या थांब्यावर एक साहेब चढायचे. धडधाकट माणूस, पाठीला लॅपटॉपची बॅग, रोज ड्रायव्हरसाठी पान बांधून आणायचे. त्यांच्यासाठी दार बस थांबायच्या आधीच उघडायचं. मी पायरीपाशी पोचेपर्यंत बंद व्हायचं. मग मी काचेवर हात मारायचा. विनवायचं. त्याचं मन झालं तर उघडायचं, वर ऐकवायचं, "आली खटारा. चढ लवकर, टाइम खोटी करू नको."

याची आणखी एक खोड होती. बस थांब्यावर थांबवायचीच नाही. चांगली पुढे नेऊन, उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबवायची. मग सगळे पळत सुटायचे. मीही पळायचे. माझं पळणं म्हणजे लोकांची करमणूक. पाय बाजूने फिरवून टाकावा लागतो, अख्खं अंग हेलकावे खातं. एकदा पळता पळता माझी नजर बसच्या आरशात गेली. आरशात त्याचा चेहरा होता. तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे टाकत माझी चाल करून दाखवत होता. शेजारी उभे असलेले साहेब हसत होते.

कोणी म्हणेल, दुसऱ्या बसने जा की. मी कोपरीत राहते. काम वागळे इस्टेटला. स्टेशनपलीकडे गेलं तर बसच बस आहेत, पण पलीकडे जायला पूल आहे, आणि पुलाला जिने आहेत. रोज रिक्षा करण्याइतकी ऐपत असती तर ही गोष्ट सांगायला बसलेच नसते. आमच्या बाजूने इस्टेटला थेट जाणारी सकाळची बस ती एकच. तिच्यानंतरची देवाच्या मर्जीने येते.

वागळे इस्टेटमध्ये शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मी ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाच्या कडा बांधायच्या मशीनवर होते. त्या मशीनला एक पाय पुरतो. उजवा पाय माझा घोड्यासारखा आहे. तिथे खुर्चीवर बसलं की मला कोणी लंगडी म्हणत नसे, कारण मशीनवर मी कोणाला हार जायची नाही. सगळ्या जगात तेवढीच एक जागा होती माझी.

पण तिथे काम लाईनने चालतं. एकीने बाही लावायची, पुढे सरकवायची, दुसरीने ओव्हरलॉक मारायचं, तिसरीने कॉलर. एक बाई आली नाही की मागच्या-पुढच्या सगळ्या हात बांधून बसतात. बसने मला टाकलं की आमची लाईन अडायची. आमच्या सुपरवायझर मॅडमनी शेवटचं सांगितलं होतं, "तुझ्या हाताला नाव ठेवायला जागा नाही गं. पण माझी लाईन अडते. आता एकदा जरी उशीर झाला तर मशीन दुसरीला देईन. मग रडत येऊ नको."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आमची आई कोकणातली. आयुष्यभर चार घरची धुणीभांडी केली. तिचं एकच औषध, गोड बोल. ती म्हणाली, "खंडेनवमीला गाडीची पूजा असते. तू हार ने त्याला. माणूस आहे गो तो पण. पाघळेल." मलाही पटलं. मशीन वाचवायचं होतं ना. नवे कपडे घालून, केसात गजरा माळून मी त्या माणसाला हार द्यायला गेले.

पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

मागची बस आली तेव्हा ऊन चढलं होतं. कारखान्यात पोचले तर पूजा होऊन गेलेली. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, फुलं. माझ्याही मशीनला. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी बसली होती. तिनेच लावलं होतं कुंकू. मॅडमनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "सणाचा दिवस आहे, तोंड वाकडं करू नको. धागे कापायला बस."

धागे कापायला जमिनीवर बसतात. गोल करून, मांडी घालून, मध्ये शिवलेल्या कपड्यांचा ढीग. मला मांडी घालता येत नाही. कॅलिपर काढून ठेवला तर परत चढवायला आडोसा लागतो, आणि तिथे आडोसा नाही. म्हणून पाय सरळ पसरून बसले. तो वाटेत आला. बाया माझा पाय ओलांडून जायला लागल्या. एकजण तर म्हणाली, "जरा आवर ना गं." कुठे आवरू? पट्ट्या मांडीत रुतत होत्या. पाणी प्यायले नाही, कारण प्यायले तर उठावं लागेल, आणि उठायला दोघींनी काखेत धरावं लागेल. कातर चालवत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. खरं सांगते, मेलेलं बरं असं त्या दिवशी मला वाटलं. नुसतं म्हणायला नाही. खरंच वाटलं.

घरी आले. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यानं हार तरी घातला ना गाडीला?"

"घातला."

"मग बरं झालं."

आईचा राग नाही आला. आईची कीव आली, आणि कीव करता करता मला माझी शाळा आठवली. मला कडेवर घेऊन आई शाळेत नाव घालायला गेली होती. बाई नको म्हणत होत्या. आई हात जोडून म्हणाली होती, "कोपऱ्यात बसेल, बाई. कोणाला त्रास नाही देणार." झालं. त्या एका बोलीवर मला शाळेत घेतलं, आणि त्याच बोलीवर मी चाळिशीपर्यंत आले. कोपऱ्यात बसले. कोणाला त्रास दिला नाही. सगळ्यांना दादा म्हटलं, काका म्हटलं, सॉरी म्हटलं, थँक्यू म्हटलं. आणि जगाने मला काय दिलं? अपशकून म्हणून नाव दिलं. माझा हार चालतो, पाय चालत नाही.

रडणं त्या क्षणी थांबलं. त्यानंतर मी त्या माणसासाठी रडलेले नाही.

त्या दिवशी कारखान्यातून निघताना मॅडमना मी विनवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "दसऱ्यानंतर आठवडाभर वेळेवर येऊन दाखव. मग बघू मशीनचं." म्हणजे अजून धुगधुगी होती. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी मी थांब्यावर उभीच राहिले नाही. तडक रसाच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, तू इथेच थांबवतोस ना? मी इथेच आहे.

बस आली. त्याने मला लांबून बघितलं. आणि तो माणूस, जो एरवी थांब्यावर थांबायचा नाही, तो त्या दिवशी बरोबर थांब्याच्या खांबाला लावून थांबला.

मी वळले. पाय फेकत मागे निघाले. लोक मागच्या दाराने चढत होते. पुढचं दार साहेबांसाठी उघडलं. साहेब चढले. मी दाराशी पोचले आणि दार मिटायला लागलं. मी काचेवर हात मारला नाही. दादा म्हणून हाक मारली नाही. डावा पाय उचलून सरळ पायरीवर टाकला.

दार लोखंडावर आपटलं. मागे गेलं, पुन्हा आपटलं.

"ए, पाय काढ!"

"नाही काढणार."

"दार तुटेल ना!"

"तुटू दे."

"मागून चढ जा."

"दारावर काय लिहिलंय? वाच मोठ्याने."

त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. मी दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. कंडक्टर मागून गर्दीतून वाट काढत आला. "मॅडम, जाऊ द्या ना. रोजचंच आहे."

"रोजचंच आहे म्हणूनच."

आता बसमधली माणसं बोलायला लागली. खंडेनवमीला ज्यांची वाचा बसली होती ती सगळी. "ओ ताई, आम्हाला पण कामं आहेत." "हिला सिम्पथी पाहिजे." एक बाई बिचारी म्हणाली, "अगं मागून ये, मी धरते तुझा हात." ड्रायव्हरला कोणी म्हणालं नाही की बाबा, बटण दाब. इतकी सोपी गोष्ट. एका बोटाची.

शेवटी साहेबांनी घड्याळ बघितलं. "अरे घे ना यार हिला आत. माझी मीटिंग आहे."

दार उघडलं. माझ्यासाठी नाही, मीटिंगसाठी.

"चढा, महाराणी," ड्रायव्हर म्हणाला.

मी चढले. मला चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घेऊन चढले. घाई केली नाही. वर येऊन त्याच्याशेजारी उभी राहिले. म्हणाले, "मला ए म्हणायचं नाही. खटारा म्हणायचं नाही. ताई म्हणायचं."

त्याने सगळा रस्ता कचाकच ब्रेक मारत बस चालवली, मी पडावी म्हणून. मी पडले नाही. राखीव सीटवर साहेब बसले होते. त्यांना म्हटलं, उठा. ते उठले.

तुम्हाला वाटेल, पुढे सगळं चांगलं झालं असेल. नाही झालं. त्या भांडणात वेळ गेला आणि मला उशीर झाला. मॅडमनी मान हलवली. "पहिल्याच दिवशी? आता मशीनचं नाव काढू नको." मशीन गेलं. मी आजही जमिनीवर बसून धागे कापते. पाय आजही वाटेत येतो. आई देवापुढे बसून रडली. म्हणाली, "कशाला तोंड उघडलंस? होतं नव्हतं ते घालवलंस." आईचं चूक नाही. होतं ते गेलंच. रोज संध्याकाळी मांडीवरचे वळ बघते तेव्हा मलाही वाटतं की गप्प बसले असते तर आज खुर्चीवर असते.

पण मग दुसरं वाटतं. गप्प बसून किती दिवस खुर्चीवर असते? त्याने हसत हसत ज्या दिवशी मला थांब्यावर टाकलं असतं, त्या दिवसापर्यंत.

त्या मार्गावर आता दुसरा ड्रायव्हर आहे. हा शिव्या देत नाही. हा बघतच नाही. मी तिथे नाहीच, अशी गाडी काढतो. साहेब आता याच्यासाठी पान आणतात.

ठीक आहे. मी रोज जाते. दार उघडलं तर चढते. नाही उघडलं तर रस्त्यात उतरते आणि बसच्या तोंडासमोर उभी राहते. लोक आतून ओरडतात, मोबाईलवर माझे व्हिडिओ काढतात. काढोत. पोलिसाला बोलवा म्हणतात. बोलवा. कोणाची मीटिंग चुकेल, कोणाचा पगार कापला जाईल, कोणाची लाईन अडेल. माझी अडली तेव्हा कोणाला कळ आली नाही. मी चढल्याशिवाय बस हलणार नाही.