देवीचे केस

मालकांचे केस खांद्याखाली आले होते. आमची मुलगी तापातून उठली तेव्हा ते नवस बोलले होते: तिसऱ्या चैत्रात चंद्रपूरला महाकालीपुढे केस उतरवायचे, तोवर कात्री लागू द्यायची नाही. तो चैत्र तोंडावर आला आणि तलावात जाळं ओढता ओढता ते कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सिंदेवाहीहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मनात एकच घोकणं, आई, आमचं चुकलं तरी काय?

दवाखान्यात ते शांत झोपलेले दिसत. मला तेवढ्यानंच बरं वाटे. डॉक्टर म्हणाले, ही झोप फसवी आहे. मेंदूला सूज चढली तर बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असेल. म्हणून मेंदूत बारीक नळी घालून तिथलं पाणी थेंबाथेंबानं तपासायचं. साखर उतरली, आंबटपणा चढला, की धोका आधी कळू शकतो. पद्धत नवी आहे, खात्री देत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला ते पटलं. तलावातही मासे वर येऊन तडफडण्याआधीच पाणी बिघडलेलं असतं. पण त्यासाठी डोकं भादरावं लागणार होतं.

थोरले दीर आडवे आले. "देवीचे केस हायेत. तिले न देता कापले तं तो वाचन का?" तीच भीती माझ्याही पोटात होती. व्हरांड्यात नुसत्या येरझारा घातल्या, बसवेना, रडवेना. खरं सांगते, देवीचाच राग येत होता.

भद्रावतीची एक मुसलमान बाई आपल्या आजारी आईला घेऊन तिथं आली होती. आमची ओळख ना पाळख. "बाई, काऊन अशी फिरून राह्यली?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं पिशवीतून धुतलेली ओढणी काढली. "एक केस खाली पडू देऊ नोको. याच्यात बांध अन् देवीले नेऊन दे. तिचे तिले पोचतीन."

दीर जवळच उभे राहून ऐकत होते. मग त्यांनीच ओढणीचं एक टोक हातात घेतलं. "धर मंग," मला म्हणाले.

केस ओढणीत बांधले, नळी बसली. मालक तसेच शांत झोपलेले असताना डॉक्टर धावत आले; आतलं पाणी बिघडलं होतं. लगेच कवटीचा तुकडा काढून सुजेला वाट करून दिली. मालक वाचले. त्या बाईची आई मात्र गेली. मी तिला नुसतं कवटाळलं.

तो चैत्र दवाखान्यातच गेला. पुढच्या चैत्रात मालक काठी टेकत देवळात आले. गाठोडं सोडून केस देवीपुढे ठेवले तेव्हा मला रडू फुटलं. केस आम्ही केव्हाच तिच्या हवाली केले होते. माणूस मात्र मी मुठीत घट्ट धरून होते, तिच्यावर सोडत नव्हते. ती मूठ देवीनंच सोडवली, त्या बाईच्या हातानं, असं मी मानते. त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत.

मालक अजून मला हाक मारताना अर्ध्या शब्दावर अडतात. पूर्वी मी लगेच पुढचं बोलून टाकत असे. आता थांबते.