ब्लॉकचेनचं नंदुरबार ऑफिस

आमच्या ऑफिसचे किस्से म्हणजे पथारीवर वाळत घातलेली मिरची. एक ट्रॉली रिकामी करावी, तोवर दुसरी दारात उभी.

पुण्याच्या एका ब्लॉकचेन कंपनीने नंदुरबारला ऑफिस उघडलं. माणसं तीन: पुण्याचे कुणाल सर, जवळच्या कोरीट गावचा भटू आणि मी. नेटवर्क एक, गिऱ्हाईकं दोन तऱ्हेची. पोरांनी त्यावर शेतीचा गेम खेळायचा, संस्था-व्यापाऱ्यांनी मालाच्या, व्यवहारांच्या नोंदी करायच्या. नोंद झाली की सगळ्यांना दिसते, कोणाला खोडता येत नाही.

महिनाअखेर एक तरी संस्था आली नाही तर ऑफिस बंद होणार होतं. इथे मात्र हसू यायचं नाही, कारण भटूचं लग्न 'मुलगा कंपनीत आहे' यावर ठरलेलं. सासरे अधूनमधून फोन करायचे, "जवाईबापू, कंपनी चालू शे ना?"

*

गेमरांसमोर ड्रॅगनचा टी-शर्ट, संस्थांसमोर ब्लेझर, असा सरांचा नियम. भटू टी-शर्टवरच ब्लेझर चढवायचा आणि समोर कोण आहे ते बघून बटणं लावायचा.

नवापूरला एका पोल्ट्रीवाल्या काकांकडे गेलो. भटूने बटणं लावली तरी ड्रॅगनचं डोकं वर आलंच. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाकी समजलं," ते म्हणाले. "हा पक्षी कोणत्या जातीचा?"

*

भटूने स्वतःच्या काकांनाही गेम दिला. पिकाला पाणी द्यायला मोबाईलवर नुसतं बोट लावायचं. तरी काकांचं पीक सुकलं. भटूने विचारलं, पाणी का नाही दिलं?

काका म्हणाले, "आते लाईट नही शे. रातले येई, मंग भरसू पानी."

*

एका पतसंस्थेत संचालकांसमोर सरांनी घाईत गेमरांची स्लाईड लावली. 'शेजाऱ्याची जमीन जिंका, लेव्हल वाढवा!' सरांचा चेहरा उतरला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "त्यासाठी कॉम्प्युटर कशाला? आमचे सभासद तसंच करतात."

*

महिना संपत आला तेव्हा पारसशेठ आले. मिरची व्यापाऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष, जुन्या चालीचे. त्यांचे सौदे अजून रुमालाखाली होतात. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही.

सरांनी नेटवर्क किती पारदर्शक आहे ते मन लावून सांगितलं. शेठनी मान डोलावली आणि नमुन्यादाखल कालचाच एक सौदा नोंदवायला सांगितला. जमलं तर संस्था आपली.

भटूने गाव भरलं, माल भरला, वजन भरलं. भावाचा रकाना आला तसे शेठ थांबले.

"हाई समदासले दिखस?"

"सगळ्यांना," सर अभिमानाने म्हणाले. "आणि भाव लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

शेठ उठले. मला वाटलं, संपलं. भटूकडे बघवेना, बिचाऱ्याचं लग्नच उठून चाललं होतं.

पण शेठ दाराकडे गेले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि लॅपटॉपवर नीट पांघरला. मग भटूचा हात धरून रुमालाखाली नेला आणि बोटं दाबली.

"हां," शेठ म्हणाले. "आते लिख."